हुतात्मा तुकाराम ओंबळे
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)

सभाध्यक्ष महाराज, किकवीचे ग्रामस्थ बंधु-भगिनींनो, आणि या शुभकार्यासाठी गावी आलेल्या पुणेकर-मुंबईकर देणगीदार मंडळींनो,

देवळाच्या कार्यात पोलिसाची गोष्ट कशाला, असे कुणाच्या मनात येईल. आपल्याला पोलीस दिसतो तो यात्रेच्या बंदोबस्ताला, नाही तर हमरस्त्यावर गाडी अडवताना. तो गेला की सुटलो म्हणतो. खोटे कशाला बोला, मीही त्यातलाच. म्हणूनच मंडळाने दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा हा विषय मी मागून घेतला.

नीरा ओलांडून, खंबाटकी मागे टाकून जावळी तालुक्यात गेले की केडंबे नावाचे गाव आहे. तुकाराम ओंबळे तिथले. लष्कराच्या सिग्नल विभागात त्यांनी नोकरी केली, नाईक म्हणून निवृत्त झाले. गावी स्वस्थ बसता आले असते. पण १९९१ साली ते मुंबई पोलिसांत भरती झाले.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तुम्हाला आठवते. समुद्रातून आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसे मारली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी कामा रुग्णालयाजवळ पडले. त्यांना मारणारे दोघे पुढे एक स्कोडा गाडी पळवून गिरगाव चौपाटीकडे निघाले. तिथे डी. बी. मार्ग ठाण्याची नाकाबंदी होती. सहायक फौजदार ओंबळे त्या नाकाबंदीवर होते. वय पन्नाशीच्या पुढे, आणि हातात काय, तर लाठी!

गाडी अडथळ्याच्या अलीकडे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. चकमकीत इस्माईल पडला. दुसरा कसाब. ओंबळे त्याच्यावर धावून गेले आणि त्याच्या एके-४७ बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरली. गोळ्या सुटल्या त्या त्यांच्याच अंगात. पकड मात्र सुटली नाही. त्यांच्या अंगाआड बाकीचे पोलीस वाचले, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी कसाबला लोळवून धरले.

मंडळी, नऊ जण मेले. मेलेला माणूस साक्ष देत नाही. जिवंत सापडला तो हा एकटा. कुठून आले, कुणी शिकवून धाडले, हे जगापुढे मांडता आले ते त्यामुळे. त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली गेली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्या पुण्यातच, येरवड्याला, त्याला फाशी झाली. हे सगळे त्या नळीवरच्या हातांमुळे घडले.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. २०२१ साली शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रात सापडलेल्या एका नव्या जातीच्या कोळ्याला 'तुकारामी' हे नाव दिले. पोरे हसतील, पण जोवर शास्त्राची पुस्तके आहेत तोवर ते नाव राहणार.

आपल्या देणगीदारांची नावे फरशीवर कोरली आहेत. कुणाचे वर, कुणाचे खाली यावरून थोडी कुरबुर झाली. मिटली, बरे झाले. माझी मंडळाला एवढीच विनंती, की दरवर्षी २६ नोव्हेंबरला सांजआरतीनंतर ओंबळ्यांचे नाव घ्यावे, आणि त्या रात्री हमरस्त्यावर जो कुणी पोलीस पहाऱ्यावर असेल त्याला आपल्यापैकी कुणी तरी जाऊन प्रसाद द्यावा. पहिल्या वर्षी मी जाईन.

आता सर्वांनी जागेवर उभे राहून एक मिनिट शांतता पाळू या.