पाण्याची पकड



पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली पुष्कळ मंडळी आज समोर बसली आहेत. काठावर उभा राहून ‘हात मार, हात मार’ म्हणून ओरडणारा एखादा काका प्रत्येकाला आठवत असेल. आजच्या खेळाच्या मुख्य प्रकारात हात मारायचेच नसतात.

त्याचं नाव फिनस्विमिंग. दोन्ही पावलं एकाच रुंद पात्यात, म्हणजे मोनोफिनमध्ये, अडकवायची. हात डोक्यापुढे ताणून एकावर एक ठेवायचे. कपाळावरून वर गेलेल्या स्नॉर्केलनं श्वास घ्यायचा. मग छातीपासून एक लाट सुटते, कमरेत जोर धरते आणि पात्याच्या टोकाशी पाण्याला मागे लोटते. दोन पायांत दोन सुटे फिन घालून हात मारत पोहण्याचा बायफिन हा प्रकारही आहे. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी.

वेग किती? साध्या पोहण्यात सेझार सिएलोनं 2009 साली 50 मीटर 20.91 सेकंदांत पार केले, तेव्हा जग थक्क झालं होतं. मोनोफिन लावून, एका श्वासात, पाण्याखालून तेवढंच अंतर 14 सेकंदांच्या आत कापलं गेलं आहे. ही लबाडी आहे, असं मला कोणी म्हणालं की मी विचारतो, सायकलवाल्याला आपण धावण्यातला लबाड म्हणतो का?

हे पातं गाड्यांच्या कारखान्यांत वावरणाऱ्या चाकणच्या माणसाला समजावून सांगायला फार सोपं. ट्रकचे पाटे आठवा: मध्ये थर जास्त, टोकाकडे कमी होत जाणारे. मोनोफिनच्या पात्यातही काचतंतूचे किंवा कार्बनचे थर पावलाशी जास्त आणि शेपटाकडे कमी असतात. पावलाशी ते ताठ राहतं, टोकाला लवतं आणि लवून परत उसळतं. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश लोटण्यात ताकद कमी वाया जाते. सारं गणित एवढ्यावर चालतं. ते घालणं मात्र कष्टाचं. रबरी खोबणीला साबणाचं पाणी लावायचं, काठावर बसून एकेक पाऊल आत रेटायचं. पहिल्या आठवड्यात पावलांच्या वरच्या बाजूला फोड येतात. उभं राहिलात तर चालता येत नाही.

या खेळाचे नियम पाहणारी सीमास ही संघटना 1959 साली उभी राहिली. समुद्रसंशोधक झाक कूस्तो तिचे पहिले अध्यक्ष. 1981 पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये आहे. पृष्ठभागावरच्या शर्यतीत सूर मारल्यावर किंवा वळल्यावर 15 मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं.

आता आपल्या मुलखातल्या एका पोहणाऱ्याकडे येतो. मुरलीकांत पेटकर मूळचे इस्लामपूरचे, लष्करातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर 37.33 सेकंदांत पोहून भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. पुढे टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती 2018 साली!

पेटकरांकडे उरले होते हात, आणि मोनोफिनवाला हात मुद्दाम बांधून ठेवतो. दोघांनाही एकच गोष्ट शोधावी लागली: आपल्या शरीराचा कुठला भाग पाण्याला नीट धरतो. पोहणं शिकवताना आपण ही गोष्ट मुलांना सांगतच नाही. हातपाय मारायला लावतो आणि दम लागला की त्याला व्यायाम म्हणतो.

एका तलावावर मी पुतणीला तिच्या रबरी फिनांसह घेऊन गेलो होतो. इतरांना लागतील, म्हणून ते बाहेर ठेवायला सांगितलं. भीती खोटी नव्हती. गर्दीच्या लेनमध्ये ते लागतातच. तिनं ते कपड्यांच्या पिशवीत घातले आणि तासभर अनवाणी पोहली. माझं मागणं एवढंच आहे: सकाळची पाळी सुटल्यानंतर दुपारी तलाव रिकामा असतो, तेव्हा भिंतीकडची एक लेन दोरी बांधून फिन घालून पोहणाऱ्या मुलांना द्या. तिचे फिन अजून पिशवीतच आहेत.