रंगीत तुकड्यांची मेणबत्ती

पालम आणि आसपासच्या गावांतल्या माझ्या सगळ्या बहिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज बोलणार आहे मेणबत्तीवर. लाइट गेल्यावर लावतो ती लांब पांढरी नव्हे. ही बुटकी, दोन बोटं उंचीची, काचेच्या ग्लासात ठेवून लावायची. मूळची ही नवसाची मेणबत्ती. आपण गंगाखेडला गोदेकाठी द्रोणात दिवा सोडतो, कुणी दर्ग्यात मेणबत्ती लावतं. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरात मेणाचे हात, पाय, घरंसुद्धा वाहतात. मागणं सगळ्यांचं सारखंच, घरात उजेड राहू दे.

या मेणबत्तीत रंगीत मेणाचे तुकडे घालून वरून पांढरं मेण ओततात. दिसायला टुटीफ्रुटीच्या बर्फीसारखी. दिवाळीत लोक हौसेनं घेतात. पण आमच्या गटानं पहिल्यांदा केली तेव्हा तीन चुका झाल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून आज आले आहे.

पहिली चूक सगळ्यांत वाईट. मेणाचं पातेलं आम्ही थेट गॅसवर ठेवलं. मेण पाण्यासारखं उकळत नाही, बुडबुडे येऊन सांगत नाही. ते गुपचूप तापत जातं, धूर सोडतं आणि एकदम पेट घेतं. आमचं पेटलं नाही, पण घाईनं उतरवताना एकीच्या मनगटावर सांडलं. म्हणून मेण नेहमी भांड्यात भांडं ठेवून वितळवा. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात एक ताटली, ताटलीवर मेणाचं भांडं. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही. आणि मेण वितळायला ६० अंशांच्या आसपासच पुरे होतात. खालचं पाणी आटू देऊ नका आणि मेणात पाण्याचा थेंब पडू देऊ नका.

पदर खोचा, लेकरं बाहेर पाठवा, झाकण हाताशी ठेवा. मेण पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी कधीच ओतू नका, भडका उडतो. अंगावर सांडलं तर वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरा. चिकटलेलं मेण ओढू नका, टूथपेस्ट लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा.

आता कृती. आधी तुकडे करायचे. वाढदिवसाच्या, लाइट गेल्यावर जाळलेल्या मेणबत्त्यांची थोटकं जमवा. वितळवून जळक्या वाती काढा, जुन्या सुती कपड्यातून गाळा. नवीन मेणाला रंग द्यायचा तर मेणबत्तीचाच, तेलात विरघळणारा रंग घ्या. खायचा रंग मेणात मिसळत नाही. रांगोळी, होळीचा रंग, हळद-कुंकू घालाल तर तो गाळ वातीत अडकतो आणि ज्योत विझते.

ताटाला तेलाचा हात फिरवून रंगीत मेण ओता. घट्ट होत आलं की बर्फीच्या वड्या पाडतो तसे सुपारीच्या खांडाएवढे तुकडे कापा. पूर्ण गार होऊ द्या.

साचा म्हणून चहाचा छोटा कागदी कप चालतो. गरम चहा सोसतो, तसं मेणही सोसतो. बुडाशी पत्र्याची चकती असलेली सुती वात आधी मेणात बुडवून ताठ करा, मधोमध उभी करा आणि वर खराट्याच्या दोन काड्यांत धरा. तुकडे कडेकडेनं रचा, म्हणजे रंग बाहेरून दिसतात. दाबून भरू नका.

आता पांढरं मेण. इथे आमची दुसरी चूक झाली. मेण कडकडीत ओतलं, तुकडे विरघळले आणि सगळा रंग चिखलासारखा झाला. पुढच्या खेपेला भिऊन फार गार ओतलं, तर मध्ये पोकळ्या राहिल्या. मधला रस्ता म्हणजे साधारण ८० अंश. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्यावा, शंभर वेळा उपयोगी पडतो. नसेल तर मेण पूर्ण वितळल्यावर खाली उतरवून थोडा वेळ थांबा आणि कडेला पांढरी साय धरायच्या आत ओता. कपाला बोटानं हलके टिचकी मारा, हवा निघून जाते. थोडं मेण मागे ठेवा. गार होताना मेण आकसतं, वातीजवळ खड्डा पडतो, तो भरायला लागतं. रात्रभर राहू द्या, सकाळी कप फाडून काढा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, तडे जातात.

आपल्या परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत कप आधी किंचित कोमट करून घ्या. आणि आपला उन्हाळा तर त्याहून कडक. एप्रिल-मेमध्ये माल करून पत्र्याखाली ठेवला तर मेणबत्त्या माना टाकतात. गणपती झाले की काम सुरू करा, दिवाळीला माल ताजा असतो.

विकायच्या आधी प्रत्येक खेपेतली एक जाळून बघा. जाड बुडाच्या ग्लासात, तुमच्यासमोर. ज्योत मेणात बुडाली तर वात जाड घ्या, काजळी धरली तर बारीक. वात अर्ध्या सेंटीमीटरवर कापा.

तिसरी चूक हिशेबाची. आम्ही नग १५ रुपयांना विकला आणि खूश झालो. आता वहीतला हिशेब ऐका. आकडे उदाहरणाचे आहेत, भाव तुमच्या बाजाराचे घाला. १ किलो मेण १६० रुपये, २० वाती ३०, रंग १०, खोकी ४०, गॅस २०. झाले २६०. ५० ग्रॅमच्या २० मेणबत्त्या झाल्या, एक जाळून बघितली, उरल्या १९. पंधराच्या भावानं आले २८५. म्हणजे तीन तास उभं राहून हातात पडले २५ रुपये, आणि मनगटावरचा डाग फुकट.

तासाला ५० रुपये मजुरी धरा. तीन तासांचे १५०. खर्च झाला ४१०. एक नग साडेएकवीस रुपयांच्या वर पडतो. त्याखाली विकणं म्हणजे आपला हात फुकट देणं. घरच्या कामाची मजुरी आपण कधी धरत नाही, तीच सवय धंद्यात येते. गिऱ्हाईक म्हणेल, घरीच तर केलंय. सांगा, हो, घरी केलंय, पण हातानं केलंय आणि जाळून बघून देतेय.

महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी १९९४ साली मेणबत्त्यांचा उद्योग उभा केला. ते स्वतः अंध आणि तिथे काम करणारेही अंध. डोळ्यांनी न दिसणारी माणसं गरम मेणाचं काम सांभाळतात ती शिस्तीवर. आपल्याला तर दिसतंय. तेव्हा मेण तापवताना घाई नको आणि भाव सांगताना संकोच नको.

पहिल्या वेळी पाचच करा. त्यातली एक स्वतःच्या देवापुढे लावा. बाकीच्यांचा हिशेब वहीत लिहा. येते मी. नमस्कार.