केरसुणी आणि चोपडी

(दिवाळीला आठ दिवस असताना वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला विषय दिलाय ‘दिवाळीचा आध्यात्मिक अर्थ आणि परंपरागत विधी’. विषय देणाऱ्यानं माझी फिरकी घेतली असणार. मी गोदीतला माणूस, दहावी पास. सकाळपाळी संपवून सरळ इथं आलोय, नखांत अजून वायररोपचं ग्रीस आहे. कविता करतो म्हणून मला बोलता येतं असा तुमचा गैरसमज. अध्यात्म मी वाचलेलं नाही. ते आमच्या बापजाद्यांवर झालेलं आहे, एवढाच माझा अधिकार.

दुसरं कारण तुम्हांला माहीत आहे. वर्गाच्या शेवटी ठराव यायचाय, की यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोरांनी टोळी करून वस्तीतनं फिरायचं आणि आपल्या ज्या घरावर कंदील असेल, ज्या दारात पणती असेल, ती उतरवायला लावायची. मी ठरावाच्या बाजूनं बोलेन म्हणून मला उभं केलंय. का, तर असलं पहिलं काम दोन वर्षांपूर्वी मीच केलं, माझ्याच घरात. ते सांगतोच. पण आधी विषय.

आध्यात्मिक अर्थ सांगणाऱ्यांचा धंदा दिवाळीत तेजीत असतो. दिवा म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान. अभ्यंगस्नान म्हणजे मनाचा मळ धुणं. नरकासुर म्हणजे आपल्या आतल्या वासना. बळीच्या डोक्यावर वामनाचा पाय म्हणजे अहंकाराचा नाश. ऐकायला गोड आहे, चकलीबरोबर खपून जातं. मी म्हणतो, अर्थ राहू द्या, विधी बघा. अर्थ तोंडानं सांगतात, विधी हातापायानं करावा लागतो.

वसुबारसेला गायवासरू, धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा, हे सोडून देतो. आश्विन वद्य चतुर्दशी घ्या. पहाटे तेल-उटणं लावून न्हायचं आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. आमच्या वस्तीला लागून चाळ होती, कोकणातली बिऱ्हाडं. लहानपणी मी पहाटे त्यांच्या मोरीच्या बाजूला उभा राहायचो, फुटलेलं कारीट बघायला. एकदा चाखलं. कडू जहर. हे कारीट म्हणजे नरकासुर. आणि नरकासुर कोण? पुराणच सांगतं, भूमीचा मुलगा, प्राग्ज्योतिषपूरचा राजा. त्यानं सोळा हजार बायका कोंडल्या होत्या, कृष्णानं त्याला मारून त्या सोडवल्या. बायका कोंडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, तो असुर असला म्हणून काय झालं? आपल्यातले काही भाई असुर म्हटलं की लगेच आपला म्हणून मिठी मारतात, त्यांनी जरा दमानं घ्यावं. पण चतुर्दशीला पाय कुणावर पडतो तेवढं लक्षात ठेवा: भूमीच्या पोरावर.

मग येते कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा. परत पाय. बळी हा प्रल्हादाचा नातू. वामन बटू होऊन येतो, तीन पावलं जमीन मागतो. गुरू शुक्राचार्य कानात सांगतो, देऊ नकोस, हा फसवायला आलाय. बळी म्हणतो, शब्द दिला. दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश संपलं, तिसरं त्याच्या डोक्यावर, आणि बळी पाताळात. आता मला कुणीतरी सांगा, यात अहंकार कुणाचा? कळत असून दिलं त्याचा, का हात पसरून आला आणि सगळं घेऊन गेला त्याचा? आमच्या गोदीत असा एक मुकादम आहे. फक्त तीन तास जादा थांबा म्हणतो. पहिल्या दोन तासांतच उजाडतं. तिसरा तास कुठं ठेवायचा ते तोच ठरवतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी करून धरली. बळी आमचा राजा, वामन चालून आलेला. रागावू नका, पण मला बळी हा घडलेला इतिहास वाटत नाही. त्याचं नाणं नाही, शिलालेख नाही. तरी जोतिबांचं बोट बरोबर दुखऱ्या जागेवर पडलं होतं. कारण बघा, ज्या दिवशी बळी गाडला त्या दिवशी आपल्या मुलखातल्या बाया ओवाळताना काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. वामनाचं राज्य येवो असं म्हणताना मी एकही बाई ऐकली नाही. जिंकला विष्णूचा अवतार आणि तोंडात नाव हरलेल्याचं. भट आले, कीर्तनकार आले, आता मोबाईलवर सुविचार येतात. बायांनी ते वाक्य सोडलं नाही. माझी आजी म्हणायची. तिनं ‘गुलामगिरी’ हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

मी एकदा तिला डिवचलं. म्हटलं, आजे, बळीच्या राज्यात मांगवाडा कुठं असंल गं? ती म्हणाली, “गावातच असंल की. न्हाईतर त्येला बळीचं राज्य कोन म्हनंल?”

आता लक्ष्मीपूजन. इथनं पुढं माझं घर आहे.

मी जातीनं मांग. सभेत मातंग म्हणतात, गावात मांगच म्हणतात. आजी केरसुण्या बांधायची. शिंदीचा पाला कापून आणायचा, त्याच्या टोकाला काटे असतात, ते बोटांत शिरतात. उन्हात वाळवायचा, भिजवून चिरायचा, मुठीत मावेल तेवढा धरून दोरीनं आवळायचा. दोरीपण आमचीच. आजीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला कायमची खाच पडली होती. वर्षभर गावाला केरसुणी लागते, पण दिवाळीत तिची लक्ष्मी होते. आश्विन अमावस्येला नवी केरसुणी आणायची, पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, लाह्या-बत्ताशांचा निवद दाखवायचा. चुकून पाय लागला तर हात जोडायचे.

आणि ही लक्ष्मी येते कुठनं? मांगवाड्यातनं. आजी लहान होती तेव्हा आपल्या आईबरोबर गावात जायची. उंबऱ्याच्या बाहेर, भुईवर लक्ष्मी ठेवायची आणि मागं सरकायचं. मालकीण बाहेर यायची, लक्ष्मीवर पाणी शिंपडायची, मग उचलायची. आजीच्या आईच्या पदरात वरनं जोंधळे टाकायची, हात लागू नये एवढ्या उंचीवरनं. त्यातले काही भुईवर सांडायचे, ते वेचायचं काम आजीचं. दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन परत जायचं, उरलंसुरलं फराळाचं आणायला. आजी म्हणायची, करंजी कधी सबंद हाताला लागली न्हाई.

शिंपडलेल्या त्या पाण्याचा आध्यात्मिक अर्थ मला अजून कुठल्या दिवाळी अंकात सापडलेला नाही.

काही घरांत त्याच रात्री आणखी एक विधी असतो. मध्यरात्री बाया सूप वाजवत घरभर झाडू मारतात आणि केर दाराबाहेर नेऊन टाकतात. म्हणजे अलक्ष्मी घालवली, दळिद्र बाहेर काढलं. घराबाहेर म्हणजे गल्लीत, गल्लीतनं गावाबाहेर. गावाबाहेर कोण राहतं ते तुम्हांला सांगायला नको. ज्यांच्या हातची लक्ष्मी आत घेतली त्यांच्याच अंगणात अलक्ष्मी पाठवून दिली.

तेलाचं पण सांगतो. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांगाची पोरगी शिकत होती. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. कोवळी पोर, पण तिनं लिहून ठेवलंय, की मांग-महारांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत असत. मी हे पहिल्यांदा वाचलं ते दिवाळीच्याच दिवसांत. शेजारी कुणीतरी पोराला तेल चोळत होतं, वास येत होता. मला त्या दिवशी डोक्याला तेल लावता आलं नाही.

असं डोकं घेऊन मी दोन वर्षांपूर्वी या वर्गातनं घरी गेलो. लक्ष्मीपूजनाचीच संध्याकाळ. माझी आई रस्ते झाडते, ठेकेदाराकडे. तिनं भिंतीला दोन गोष्टी टेकवून ठेवल्या होत्या, कामावरचा खराटा आणि घरातली केरसुणी. दोन्हींना हळदकुंकू. पुढं पणती. मी काही विचारलं नाही, बोललो नाही. केरसुणीला लाथ घातली. ती दारातनं थेट गटारात. पणती कलंडली, तेल फरशीवर.

लाथ घातली, हातानं उचलून टाकली नाही. पायानं.

आई ओरडली नाही. गटारातनं केरसुणी काढली, नळावर धुतली, दाराला उलटी लावली. मग म्हणाली, “लक्ष्मी-बिक्ष्मी कोन पुजतंय रं? हत्यार हाय माजं. दसऱ्याला तू तुज्या हुकाला फूल घालतोस, तवा मी लाथ मारली का?” मी गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, “तुज्या आजीच्या हातची शेवटची हाय ती.” त्या रात्री ती जेवली नाही. मी जेवलो. भूक लागली होती.

दोस्तांनो, मी आज देव मानत नाही. अमावस्येच्या रात्री कुणी बाई कमळात बसून घरोघर हिंडते, हे मानायला माझं डोकं तयार नाही. या सणात आपला अपमान कुठं कुठं शिवून ठेवलाय ते वर सांगितलंच. पण हळदकुंकू लावणारी माझी आई आणि पाणी शिंपडणारी ती मालकीण, यांना एकाच ओळीत उभं करणारा ठराव मला मान्य नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या मागं लाखो माणसांनी देव सोडले. स्वतःच्या तोंडानं प्रतिज्ञा घेऊन सोडले. कुणी रात्री त्यांच्या घरात शिरून देव्हारा उचलला नव्हता. आपण पंधरा पोरं काठ्या घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात जाणार आणि पणती विझव म्हणणार. ती विझवेल. भीतीनं विझवेल. तिला गावात असताना असंच सांगितलं जायचं, फक्त सांगणारे दुसरे होते.

कुणीतरी मागनं म्हणालं, मग काय दिवाळी करायची का? नाही. मी करत नाही. मी काय करणार ते सांगतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी चोपडीची पूजा करतात, हिशेबाच्या वहीची. आईचा ठेकेदार पण करतो. मागच्या दिवाळीत मी आईबरोबर गेलो होतो. टेबलावर वह्या, वहीवर कुंकवाचं स्वस्तिक, बाजूला कॉम्प्युटर, त्यालाही झेंडूची माळ. कोपऱ्यात पाटावर कोरी केरसुणी, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. आणि रस्ता झाडणाऱ्या तेवीस बाया जिन्यात उभ्या, कारण आत पूजा चाललेली. तासाभरानं एकेकीला अर्धा किलो सोनपापडीचा डबा दिला. हाच बोनस. कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के लिहिलाय. हिशेब करा, बारा महिन्यांना एक महिना पडतो. त्याला निकष आहेत, पगाराच्या मर्यादा आहेत, ते युनियनच्या वकिलाकडनं मी समजून घेतलंय आणि या बाया त्यात बसतात. पण बोनस काढायचा तर हजेरी लागते, आणि हजेरीच्या वहीत आईचे सव्वीस दिवस वीस लिहिलेले असतात. ती वही बायांना कधी दाखवत नाहीत. वर्षातनं एकदा तिला कुंकू लावतात, तेव्हासुद्धा ती मिटलेलीच असते.

तर यंदा पोरांनी वस्तीत फिरायचं नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याच संध्याकाळी, पूजेच्या वेळेला, ठेकेदाराच्या ऑफिसात जायचं. आरडाओरड नाही, मोडतोड नाही, पूजेच्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. तेवीस बायांबरोबर उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं, जी वही पुजलीत ती उघडा. बायांतल्या सहाजणी यायला घाबरतात, काम जाईल म्हणून. त्यांची भीती खरी आहे, त्यांना कुणी भित्र्या म्हणू नये. त्यांची नावं कागदावर पण घ्यायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आईची पाळी सकाळी सहाला. रात्रीच्या फटाक्यांचा लाल कागद दवानं भिजून डांबराला चिकटतो, खराट्यानं निघत नाही, वाकून नखानं काढावा लागतो. त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट गाड्या भरतात आणि हजेरी एकच. ज्यांना ठरावात फारच जोर आलाय, त्यांनी सहाला नाक्यावर यावं. मी असणार आहे, माझी दुसरी पाळी आहे.

ठरावाच्या विरोधात माझा हात वर आहे, लिहून घ्या. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी साडेसहाला ठेकेदाराच्या जिन्याखाली जमायचं. काठ्या आणायच्या नाहीत. आईला मी सांगितलं, मोकळ्या हातानं ये. ती म्हणाली, मोकळ्या हातानं मी कवाच गेले न्हाई, खराटा घेऊनच येनार.