सिंकखालची जागा



ओट्याखालच्या ट्रॉल्या आपण वाटी-चमच्याचा हिशेब करून बनवून घेतो. सिंकखालचं कपाट मात्र सुताराच्या मर्जीवर सोडतो. दोन झडपा, आत अंधार, कचऱ्याचा डबा, फिनेलची बाटली आणि पिशव्यांनी भरलेली एक पिशवी! या कपाटात बरीच छुपी जागा निघते. पण त्याचा खरा मालक प्लंबर आहे, हे आधी मान्य करू. इथे जे बसवाल ते हत्याराशिवाय, हातानं उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. कपाट तोडून पाइपापर्यंत पोचायची वेळ येऊ नये.

सुरुवात अगदी समोरून करू. ओटा 24 इंच खोल. त्यात सिंकचा खड्डा साधारण 16 इंचांचा. मागे नळासाठी 4 इंच सोडले, पुढे ग्रॅनाइट इंचभर बाहेर आलं, झडपेची जाडी गेली, तरी खड्ड्याच्या भिंतीपुढे दोनेक इंचांची फट उरते. झडपांच्या वर पाच-सहा इंचांची आडवी पट्टी असेल, तर ती नुसती शोभेची असते. आतून दोन स्क्रूंवर टेकलेली. ती सोडवून खालच्या बाजूला कात्रीसारखी दुमडणारी बिजागरी लावायची आणि आत अरुंद स्टीलचा किंवा प्लास्टिकचा ट्रे. पट्टी पुढे कलते, काथ्या, तारेची घासणी, सिंकची जाळी, हातमोजे सगळं हाताशी येतं. बंद केली की ओटा मोकळा. मात्र घासणी पिळून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी नाकाला कळेल. ट्रे सुटा हवा, तो आठवड्याला धुवावाच लागतो. झडपा थेट ग्रॅनाइटपर्यंत गेल्या असतील, तर त्या कापून पट्टी काढावी लागते. मी म्हणेन, तेवढ्यासाठी चांगल्या झडपा कापू नका.

आता आत. मधोमध बॉटल ट्रॅप लोंबतो. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. गटाराचा वास आणि झुरळं त्या पाण्यामुळेच वर येत नाहीत. त्याची खालची वाटी हातानं फिरवून काढतात, गाळ साफ करतात. म्हणून तिच्याखाली एखादं तसराळं सरकवण्याइतकी उंची सोडाच. बाकीच्या जागेत, पाइपाच्या दोन्ही अंगांना खण आणि मध्ये खाच, असा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा ड्रॉवर उत्तम बसतो. साबण, व्हिनेगर, नॅपकिनच्या घड्या त्यात जातात. पाणी शुद्ध करायचं यंत्र किंवा अँगल कॉक ज्या बाजूला असेल, ती बाजू मोकळी ठेवा. कॉक घाईतच बंद करायचा असतो.

लाकडाबद्दल सुताराशी थोडं भांडावं लागलं तरी चालेल. प्लायवर आयएस 710 हा शिक्का बघून घ्या. आयएस 303 चा प्लाय कोरड्या कपाटाला ठीक, इथे नको. आणि चांगला प्लायही फुगतो तो बहुधा कापलेल्या कडेपासून. पाइपासाठी पाडलेल्या गोल भोकाकडे कुणी बघत नाही. तिथे प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या.

दागिने, पैसे इथे लपवायचा विचार कुणाच्या मनात आला असेल, तर तो सोडा. ओल आहे, आणि नळ गळला की घरात येणारा माणूस पहिल्यांदा हेच कपाट उघडतो.

राहिली तळाची स्कर्टिंगची पट्टी. तिची उंची साधारण 4 इंच. तिच्यामागेही बसका ड्रॉवर होतो. पायाशी अन्नाची भांडी ठेवणं आपल्याला रुचत नाही. तिथे पाना, टेफ्लॉन टेप, पायपुसणी, रद्दी ठेवा. आपण फरशी ओल्या फडक्यानं पुसतो, तेव्हा ड्रॉवरचा तळ जमिनीपासून अर्धा इंच वर असू द्या. शेजारी गॅस सिलिंडरचं कपाट असेल, तर त्याच्याखाली हा ड्रॉवर अजिबात करू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. तिथली पट्टी भोकांची किंवा जाळीचीच राहू द्या.