बरोबरीची लढाई कुणाला हवी?



पत्ते असोत, कॅरम असो की बुद्धिबळ, समोरच्याला हरवायचं हे आपण गृहीतच धरलेलं असतं. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात टेबलाभोवती बसलेले सगळे खेळाडू मात्र एकाच बाजूचे असतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. एक जण गोष्ट पुढे नेतो, भुयारात काय दिसतं ते सांगतो, राक्षसांच्या वतीने फासे टाकतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. गेली काही वर्षं रविवारी दुपारी आमच्या घरी हे काम मी करते. नववीतल्या मुलीपासून पन्नाशीच्या गृहस्थांपर्यंत पाच जण खेळायला असतात.

या खेळाच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि एकाच प्रश्नाला दर वेळी निराळं उत्तर मिळत गेलं. प्रश्न असा, की लढाई न्याय्य केव्हा म्हणायची?

दोन्ही बाजू बरोबरीच्या असतील तेव्हा, असं चटकन वाटतं. पण जरा हिशेब करून पाहा. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असतील, तर खेळाडू जिंकण्याची शक्यता निम्मी. अशा दहा लढाया ओळीने जिंकण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. जिथे तीच पात्रं महिनोन् महिने जगायची आहेत, तिथे बरोबरीच्या लढाया म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सगळ्यांचाच अंत. तेव्हा खेळाडूंचं पारडं जड असायलाच हवं. मग आपणच जिंकणार हे ठाऊक असताना लढण्यात गंमत कसली?

जुन्या नियमांचं उत्तर सरळ होतं. लढाई महाग करून ठेवा. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला १९८१ सालचा प्राथमिक संच घ्या. त्यात योद्ध्याला पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला २००० अनुभवगुण लागतात. एक गॉब्लिन मारला तर मिळतात पाच, तेही सगळ्यांत मिळून. उलट भुयारातून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं, की एक गुण. मग शहाणा माणूस चारशे गॉब्लिन मारत बसत नाही. तो त्यांना चुकवतो, फसवतो, वेळ पडली तर लाच देतो आणि खजिना घेऊन निघतो. नव्या जादूगाराकडे दिवसाला मंत्र एकच, आणि एका घावात त्याचा कारभार आटोपू शकतो. भुयारात रेंगाळावं, तर खेळातल्या दर वीस मिनिटांनी एक फासा पडतो आणि सहातून एकदा नवं संकट दारात येतं. राक्षसांचेही साथीदार पडू लागले, की त्यांचं धैर्य फाशांवर तपासलं जातं. धीर सुटला तर ते पळतात. त्यामुळे लढाया थोड्या आणि आटोपशीर.

यात एक काच मात्र होता. एखाद्या मुलीने हौसेने पात्राला नाव दिलं, त्याचं चित्र काढलं, आणि अर्ध्या तासात ते मेलं, तर तिने पुढे काय करायचं? शिवाय जादूगार सुरुवातीला दुबळा असला, तरी वरच्या पातळ्यांवर त्याच्या मंत्रांची संख्याही वाढते आणि ताकदही. योद्धा तिथे तलवारच फिरवत राहतो. एकाच टेबलावर एक जण सगळं करतो आणि दुसरा बघत बसतो.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने समतोल गणितात बसवायचा प्रयत्न केला. प्रत्येक राक्षसाला काठिण्याचा आकडा मिळाला. चार जणांच्या चमूला त्यांच्या पातळीइतकं आव्हान दिलं, तर त्यांची सुमारे एक पंचमांश शिदोरी संपावी, म्हणजे दिवसाला अशा चार लढाया व्हाव्यात, असा हिशेब होता. शिदोरी म्हणजे मंत्र, औषधं आणि घाव सोसण्याची ताकद.

हिशेब चोख, पण खेळाडू हुशार. पहिल्याच लढाईत सगळे मोठे मंत्र उधळायचे आणि लगेच तंबू ठोकून झोपायचं, ही युक्ती त्यांनी शोधून काढली. या प्रकाराला 'पंधरा मिनिटांचा दिवस' असंच नाव पडलं. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. गडी दहाच, पण षटकं वीस असली की विकेट स्वस्त होते आणि फलंदाज पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवतो. कसोटीत तीच विकेट जिवापाड जपावी लागते. जादूगाराचे मंत्र म्हणजे त्याच्या हातातल्या विकेटी. दिवस लहान झाला, की तो अजिंक्य ठरतो.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने हे दुखणं मुळापासून काढायचं ठरवलं. योद्धा असो वा जादूगार, सगळ्यांना सारख्या साच्याच्या शक्ती दिल्या. काही केव्हाही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. कुणी नुसतं बघत बसायला नको. समतोलाच्या दृष्टीने ही आवृत्ती सर्वांत नेटकी, असं माझं मत आहे. पण राक्षस दणकट आणि प्रत्येकापुढे पर्याय पुष्कळ. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. पाच जणांनी तीन-तीन मिनिटं विचार केला, की टेबलावर पाव तास जातो. अशा पाच-सहा फेऱ्या म्हणजे तास-दीड तासाची एक लढाई. आमच्याकडे तिसऱ्या फेरीतच निकाल दिसू लागायचा आणि उरलेल्या वेळात चहा व्हायचा.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने लढाया पुन्हा वेगवान केल्या. पण सूत्रधाराच्या पुस्तकात म्हटलं होतं, की चमू दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया पेलू शकतो. नोकरी-शाळा सांभाळून तीन तास खेळणाऱ्या मंडळींना आठ लढाया जमणार कधी? आमच्याकडे एक किंवा दोन होतात. योद्ध्याला तासाभराच्या विश्रांतीतही काही शक्ती परत मिळतात. जादूगाराच्या बहुतेक मंत्रांना रात्रीची झोप लागते. दिवसात लढाई एकच असेल, तर जादूगाराला काटकसर करावीच लागत नाही आणि योद्ध्याचा फायदा वाया जातो. २०२४ सालच्या सुधारित पुस्तकातून तो सहा-आठचा आकडा काढला गेला. आता प्रत्येक लढाईचं वजन वेगळं मोजायचं. हे सोयीचं आहे, पण दिवस किती लांब ठेवायचा, हे सूत्रधारालाच ठरवावं लागतं.

श्रोतेहो, इतक्या वर्षांनी माझं मत असं झालं आहे, की समतोल राक्षसाच्या आकड्यात सापडत नाही. तो घड्याळात असतो. वेळेला किंमत असेल, तरच मंत्राला किंमत येते, आणि तरच योद्ध्याच्या न थकणाऱ्या तलवारीलाही येते. म्हणून मी काही पथ्यं पाळते. ओलीस ठेवलेल्या माणसाचा जीव उद्या सकाळपर्यंतच सुरक्षित आहे, असं काहीतरी गोष्टीत ठेवते. मग कुणी दुपारीच तंबू ठोकत नाही. जुन्या नियमांतला धैर्याचा फासा मी नव्या आवृत्तीतही टाकते. निकाल स्पष्ट झाला, की राक्षस शरण येतात किंवा पळतात आणि लढाई तिथेच संपते. आणि लढाई सुरू करण्याआधी स्वतःला विचारते, की ही हरली तर मरणाखेरीज आणखी काय जाईल? काहीच जाणार नसेल, तर ती लढाई मी एका वाक्यात सांगून टाकते.

पाच माणसं आठवड्यातली तीन तासांची सवड काढून येतात. त्यातला तासभर कुणी आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत बसलं, तर तो अन्याय कुठलाही तक्ता भरून काढू शकत नाही. राक्षस चमूला भारी पडला तर चालतं, हलका पडला तरी चालतं. पण नववीतल्या मुलीने घेतलेल्या एखाद्या निर्णयाने गोष्ट वळली पाहिजे. त्या दिवशीची लढाई बरोबरीची होती की नव्हती, हे मग कुणी विचारत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)