अंगणातील वनस्पती, उन्हाळी पेये आणि न मोजलेले उत्पन्न

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या व्याख्यानासाठी पुदिना, गवती चहा, वाळा आणि सब्जा हा विषय निवडलेला पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. अभ्यासक्रमात राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक आरोग्य, जैवविविधता, लघुउद्योग आणि महिलांचे श्रम ही प्रकरणे वेगवेगळी शिकविली जातात. प्रत्यक्ष जीवनात मात्र ती एकाच ठिकाणी, पुष्कळदा एकाच स्वयंपाकघरात, एकत्र आलेली असतात. घरच्या वनस्पतींपासून उन्हाळ्यात केले जाणारे पेय हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

प्रथम उन्हाळ्याचा विचार करू. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो. सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांची वाढ म्हणजे उष्णतेची लाट आणि त्याहून अधिक वाढ म्हणजे तीव्र लाट होय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज मांडला होता की, उष्णतेच्या ताणामुळे भारतात २०३० साली कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. हे नुकसान सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांएवढे आहे. त्याचा मोठा वाटा शेतमजूर आणि बांधकाम कामगार यांच्या पदरी येतो. म्हणून उन्हात काम करणारा माणूस काय पितो, हा अर्थव्यवस्थेचाही प्रश्न ठरतो.

प्रदेशागणिक वेगळे पेय

भारताच्या प्रत्येक प्रदेशाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या मातीतून शोधले आहे. ओडिशात एप्रिलच्या मध्यास येणारी महाविषुव संक्रांती ‘पणा संक्रांती’ म्हणूनच ओळखली जाते आणि त्या दिवशी बेलफळाचा पणा केला जातो. तामिळनाडूत रामनवमीला गूळ, सुंठ व वेलची यांचे पानकम आणि कढीपत्ता, आले घातलेले पातळ ताक म्हणजे ‘नीर मोर’ वाटले जाते. केरळातील ‘संभारम’ त्याच कुळातले. तामिळनाडू व आंध्र प्रदेशात नन्नारीच्या मुळांचे सरबत लोकप्रिय आहे. ही नन्नारी म्हणजे आपली अनंतमूळ किंवा उपळसरी. बिहारमध्ये सातूचे सरबत कष्टकऱ्यांची भूकही भागविते. उत्तराखंडात बुरांसच्या लाल फुलांचे सरबत होते, तर उत्तर भारतात पुदिना व जिरे यांचा जलजिरा होतो. महाराष्ट्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे असते आणि कोकण-गोव्यात कोकमाचे सरबत व सोलकढी.

या यादीत एक समान सूत्र आढळते. प्रत्येक पेयात पाण्याला आंबट, सुगंधी किंवा तुरट वनस्पतीची जोड आहे आणि बहुतेकांत थोडे मीठ किंवा गूळ आहे. हे पदार्थ त्या त्या परिसरात, त्या त्या हंगामात, फारसा खर्च न करता मिळणारे होते.

पेय तयार होते कसे?

शहरातील गच्चीवर किंवा खिडकीतील कुंडीतही यांपैकी काही वनस्पती वाढतात. पुदिन्याची काडी ओलसर मातीत खोचली की ती मूळ धरते. गवती चहाचा एक ठोंब पुढे अनेक ठोंब देतो. सब्जा बियांपासून येतो. वाळ्याची मुळे मात्र खोल जातात. त्यामुळे तो कुंडीपेक्षा बांधावर लावणे श्रेयस्कर. तेथे तो माती धरून ठेवण्याचे दुसरे कामही करतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतातील मृदसंधारण कार्यक्रमात वाळ्याच्या जिवंत बांधांचा पुरस्कार केला, तो याच गुणामुळे.

कृती साध्या आहेत, परंतु प्रत्येकीमागे कारण आहे. गवती चहाची पाती धुऊन, कापून उकळत्या पाण्यात टाकावीत आणि भांडे लगेच झाकावे. त्यातील सिट्रल हे सुगंधी द्रव्य वाफेबरोबर उडून जाते. दहा मिनिटांनी गाळून, गार करून लिंबू पिळावे. सब्ज्याचे एक चमचा बी पेलाभर पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवावे. बियांभोवती बुळबुळीत आवरण फुगून आल्याशिवाय ते पिऊ नये, कारण कोरडे बी घशात अडकू शकते. वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन रात्रभर माठात ठेवली की पाण्याला वास लागतो. दोन-तीन दिवसांनी जुडी काढून उन्हात वाळवावी. पन्ह्यासाठी कैरी उकडून किंवा भाजून घ्यावी, गरात गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि वाटलेला पुदिना मिसळावा.

तीन पथ्ये आवश्यक आहेत. पाणी पिण्यायोग्य असावे. पाने कीटकनाशक न फवारलेली असावीत. आंबट पेय कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण आम्लात धातू उतरतो. माती, काच किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे त्यासाठी योग्य.

गारवा आणि जलसंतुलन

येथे एक वैज्ञानिक भेद लक्षात घेतला पाहिजे. मेंथॉलमुळे जो गारवा वाटतो, तो शरीराचे तापमान उतरल्यामुळे नव्हे. २००२ साली शास्त्रज्ञांनी टीआरपीएम८ हा चेतातंतूंतील ग्राहक ओळखला. थंडीने तो जागा होतो आणि मेंथॉलनेही. या क्षेत्रातील कार्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गार वाटणे आणि शरीरातील पाणी व क्षार भरून निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून निष्पन्न होते.

घरगुती पेये रोजच्या तहानेसाठी उत्तम आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेविषयक सूचनांमध्येही लस्सी, भाताची पेज, लिंबूपाणी व ताक यांचा उल्लेख आहे. तथापि जुलाब-उलट्यांनी शरीर शुष्क झाले असेल, तर सरबत हा उपचार होऊ शकत नाही. तेथे क्षारसंजीवनीच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे क्षारजल देऊन पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. उष्माघातात तर क्षारजलावरही विसंबून चालत नाही. रुग्णाचे शरीर तातडीने थंड करणे आणि त्याला रुग्णालयात नेणे अत्यावश्यक असते. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये.

साखरेचा हिशेब

‘घरचे म्हणजे आरोग्यदायी’ हे विधानही तपासून घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली की, मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. २,००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे २०० उष्मांक. एक ग्रॅम साखर ४ उष्मांक देते, म्हणजे ही मर्यादा ५० ग्रॅम झाली. गोड शीतपेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम साखर धरली, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम होते. परंतु घरच्या सरबताच्या पेल्यात सहा चमचे साखर घातली, तर तेही त्याच पातळीवर पोहोचते. गूळ वापरल्याने हा हिशेब फारसा बदलत नाही. घरच्या पेयाचा खरा लाभ असा की, साखर किती घालावयाची हे आपल्या हाती राहते. वाळ्याचे पाणी, सब्जा, पुदिन्याचे ताक आणि गवती चहाचा गार काढा यांना साखरेची गरजच पडत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नात नोंद कोठे?

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे वळू. दुकानातून सरबताची बाटली विकत घेतली की तिचे मूल्य सकल देशांतर्गत उत्पादनात धरले जाते. तेच सरबत घरी केले तर काय होते? १९९३ आणि २००८ च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय लेखा पद्धतींनुसार कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी पिकविलेल्या वस्तू उत्पादनाच्या कक्षेत येतात. परंतु स्वतःसाठी केलेल्या घरगुती सेवा, म्हणजे स्वयंपाक, सफाई, मुलांचे व वृद्धांचे संगोपन, या कक्षेबाहेर राहतात. याचा अर्थ परसातील पुदिना तत्त्वतः मोजता येतो, पण पन्हे करणाऱ्या हातांचे श्रम मोजले जात नाहीत. ए. सी. पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. एखाद्याने पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय लाभांश घटतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार जणांचे कुटुंब ६० दिवस रोज प्रत्येकी एक पेला पेय घेते, म्हणजे एकूण २४० पेले. बाजारात पेल्याला २० रुपये पडतात असे गृहीत धरले, तर खर्च ४,८०० रुपये. घरी साहित्याचा खर्च पेल्यामागे ६ रुपये धरला, तर १,४४० रुपये. बचत ३,३६० रुपये दिसते. परंतु रोजची २० मिनिटे धरल्यास २० तासांचे श्रमही लागले. त्यांचे मूल्य ताशी ५० रुपये धरले, तर १,००० रुपये वजा होऊन निव्वळ लाभ २,३६० रुपये उरतो. लाभ खरा आहे. मात्र तो सर्व कुटुंबाचा आणि श्रम बहुधा एकीचे.

ही केवळ कल्पना नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात ६ वर्षांवरील व्यक्तींपैकी विनावेतन घरकामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि सहभागी पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. सहभागी स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के होते. म्हणून घरगुती पेयांचा पुरस्कार करताना ते करावयाचे कोणी, हा प्रश्न टाळता येत नाही. गवती चहा उकळण्यासाठी लागणारे कौशल्य मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच साध्य आहे.

परसबागेपासून बाजारापर्यंत

ज्या ठिकाणी हे श्रम बाजारात येतात, तेथे उपजीविका निर्माण होते. कोकमाचे उदाहरण पाहा. याच्या सालीपासून वाळवून आमसूल, साखरेत मुरवून अमृत कोकम आणि मीठ घालून आगळ अशी निरनिराळी उत्पादने होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात विकसित केली आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांकनही मिळाले आहे. तरीही एक अडचण कायम आहे. फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते आणि लवकर आलेल्या पावसात वाळवण सापडते. त्यामुळे वाळवणी यंत्रे, साठवण आणि खेळते भांडवल यांवर उत्पादकाचे उत्पन्न अवलंबून राहते.

जून २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची आणि बचत गटाच्या सदस्यामागे ४०,००० रुपयांच्या बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. विक्रीसाठी पेय तयार करणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू जंगलाची आहे. अनंतमुळाच्या बाबतीत मूळ खणले की वेल बहुधा संपतो. सरबताची मागणी वाढली आणि पुरवठा केवळ वनातून होत राहिला, तर सामायिक संसाधनाचा ऱ्हास अटळ आहे. नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले आणि २००२ मध्ये जैविक विविधता कायदा संमत झाला, त्यांमागे हीच चिंता होती. बांधावर आणि परसात लागवड करणे हा या दबावावरचा व्यवहार्य उपाय आहे.

समारोप

मित्रांनो, यातून काही ठोस गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पोषण अभियानातील पोषण वाटिकांमध्ये भाज्यांच्या जोडीला पुदिना, गवती चहा व सब्जा यांना एक वाफा मिळावा. उष्णता कृती आराखड्यांमध्ये कामाच्या ठिकाणी सावली व पाण्याबरोबर स्थानिक पेयांचा समावेश असावा. दक्षिण आशियातील असा पहिला आराखडा अहमदाबादने २०१३ मध्ये स्वीकारला, तो मे २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर. पाणपोईची आपली जुनी परंपरा या कामी उपयोगी पडेल. पेय विकणाऱ्या बचत गटांना हंगामापूर्वी भांडवल मिळावे.

परीक्षेत आपणांस राष्ट्रीय उत्पन्नाच्या मर्यादा विचारल्या जातील, तेव्हा पाठ केलेल्या मुद्द्यांपुढे जाऊन एक उदाहरण लिहिता आले पाहिजे. उद्या आपल्यापैकी काही जण जिल्ह्याचे प्रशासन सांभाळतील. तेव्हा अंगणातील वाफा, माठातील वाळा आणि तो माठ भरणाऱ्या व्यक्तीचा वेळ या तिन्ही गोष्टी आपल्या नियोजनात दिसल्या, तर आजच्या भाषणाचा हेतू साध्य झाला असे मी मानीन.