वायपरची मोटर खोलताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी अट घातली होती की प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं आणि स्वतःच्या हातानं केलेल्या एखाद्या कामाबद्दलच बोलायचं. म्हणून मी जुन्या गाडीच्या वायपरची मोटर कशी काढतात ते सांगणार आहे. हसताय ते दिसतंय मला! पण या विषयाचा आपल्या शाळेच्या वर्कशॉपशी थेट संबंध आहे, तेव्हा जरा धीर धरा.

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे १९७७ सालची मिनी आहे. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही छोटी गाडी १९५९ साली बाजारात आली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. ५३ लाखांहून जास्त मिनी रस्त्यावर आल्या. आमच्या शहरातला लाँगब्रिजचा कारखाना हे तिचं एक माहेर. तिच्या वायपरची मोटरही बर्मिंगहॅमच्याच लुकास कंपनीची. लुकास-टीव्हीएस हे नाव आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, त्याला ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी वायपर मंदावले. मुसळधार पावसात ते निम्म्या काचेवर जाऊन दमल्यासारखे थांबायचे. तिथे ४० वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना दरवर्षीची सक्तीची तपासणी २०१८ पासून माफ आहे. म्हणजे वायपर चालतो की नाही, हे विचारायला कुणी येत नाही. पण गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावरच राहते, आणि पावसात समोरचा माणूस दिसला नाही तर व्हायचं ते होणारच. एका गॅरेजवाल्यानं न बघताच सांगितलं, "मोटर गेली. नवी घाला." मी गाडी घरी आणली.

या वायपरची रचना समजायला सोपी आहे. मोटरच्या दांड्यावर वर्म असतो, तो प्लास्टिकचं दातेरी चाक फिरवतो. त्या चाकावरच्या खिळीला एक छोटा दांडा जोडलेला असतो, त्यामुळे गोल फिरणं पुढे-मागे होण्यात बदलतं. पुढे एक लवचीक पोलादी केबल असते. तिच्यावर तार गुंडाळून मळसूत्रासारखे दाते केलेले असतात. ही केबल एका नळीतून जाते आणि दोन्ही वायपरच्या खाली असलेली दोन छोटी चाकं फिरवते. म्हणजे दोष मोटरमध्ये असेल, केबलमध्ये असेल किंवा त्या चाकांमध्ये असेल. काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता क्रम सांगतो. आधी वायपर चालवून ते आपल्या जागी येऊन थांबू द्यायचे आणि पाती जिथे टेकतात तिथे काचेवर चिकटपट्टी लावून खूण करायची. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. मिनीची बॅटरी मागे डिकीत असते. त्यानंतर वायपरचे दांडे काढायचे. बुडाशी एक पत्र्याची खिट्टी असते, ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उचलली की दांडा सरळ वर ओढता येतो. रंगावर टेकू देऊन उचकटायचं नाही. मग बॉनेट उघडून मोटरचा प्लग काढायचा, केबलच्या नळीचं मोठं नट सैल करून मोटरपासून सोडवायचं आणि शेवटी मोटर धरून ठेवणारा पट्टा सोडायचा. पट्ट्याखालची रबरी गादी जपून ठेवायची. आता मोटर हळूहळू ओढली की तिच्याबरोबर केबलही नळीतून बाहेर येते, आणि ती येताना वायपरचे आस आपोआप फिरताना दिसतात. ते बघायला मला अजूनही मजा येते.

मोटर उघडण्याआधी झाकणावर आणि बॉडीवर खूण करायची. का, ते सांगतो. बाहेरच्या टोपणात चुंबक असतात. ते टोपण उलट्या बाजूनं बसलं, तर मोटर उलटी फिरते. शिवाय वॉशर, सर्क्लिप, दांडा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे.

हे वाक्य कुणाचं, ते तुमच्यापैकी निम्म्यांना आठवलं असेल. आपले वर्कशॉपचे सर शेगड्यात तुकडा पकडण्याआधी विचारायचे, "खूण केलीस का?" आणि सायकलचा हब उघडायला दिला की म्हणायचे, "खोलता कुणालाही येतं. परत बसवता येईल असं खोल." आठवीत हे ऐकताना आपल्याला कंटाळा यायचा. पन्नाशीनंतर हात थोडे थरथरतात, चष्म्याशिवाय सर्क्लिप दिसत नाही, तेव्हा या सवयीची किंमत कळते.

पुढे काय झालं? मोटर एकटी चालवून पाहिली, उत्तम फिरली. ग्रीस मात्र वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. केबल ओढून बघायची एक रीत आहे. तिला ताणकाटा अडकवायचा. नळीतून सरकायला साधारण ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोपेक्षा जास्त ओढ लागता कामा नये. माझा काटा त्याच्या बराच पुढे गेला. आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तो स्प्रिंगचा काटा आठवतो ना, तसाच. नळी आणि केबल रॉकेलनं धुतली, नवं ग्रीस भरलं आणि ओढ मर्यादेत आली. मोटरमध्ये दोष नव्हताच.

एक काम उरलं होतं. वायपर पूर्ण गोल फिरत नाही, त्यामुळे त्या दोन छोट्या चाकांचे एका बाजूचेच दाते झिजतात. दुसऱ्या बाजूचे दाते ४५ वर्षं जसेच्या तसे असतात. केबल बाहेर असताना चाक अर्धा फेरा फिरवलं आणि केबल परत घातली, की ते न वापरलेले दाते कामाला लागतात. नवा भाग लागत नाही, पैसे लागत नाहीत. मग मोटर जागेवर बसवायची, एकदा चालवून थांबू द्यायची आणि त्यानंतरच चिकटपट्टीच्या खुणेवर वायपर चढवायचे. त्या हिवाळ्यात माझे वायपर एकदाही अडले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. काल वर्कशॉपकडे गेलो तर कुलूप होतं. खिडकीतून बघितलं. शेगडे आहेत, कानशी आहेत, लेथवर कापड टाकलेलं आहे. शिकवायला माणूस नाही म्हणून ते बंद आहे, असं कळलं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण आपल्यातले किती जण निवृत्त झालो आहोत ते मोजा. टर्नर आहेत, फिटर आहेत, वीजमंडळातले आहेत, एसटीच्या डेपोतले आहेत. ज्यांचं आयुष्य हिशेबात गेलं त्यांनी साहित्याचा हिशेब सांभाळावा.

मुख्याध्यापकांशी सकाळीच बोललो. शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप उघडायला त्यांची हरकत नाही, फक्त दर वेळी आपल्यातले दोघे जण हजर हवेत. पहिल्या दोन शनिवारी मी इथे आहे. येताना बॅगेत एक जुनी, जळलेली वायपरची मोटर आणली आहे, ती शाळेत ठेवून जाणार आहे. मुलांनी ती हवी तितक्या वेळा खोलावी आणि बसवावी. खुणा करायला खडू शाळेत आहेतच.

तिसऱ्या शनिवारपासून कोण येणार, त्यांनी जेवणाआधी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं.